शेजारच्या घरात डेकेअर वाढतंय – पब्लिक हिअरिंगला जाऊन काय बोलू? (मिशिगन)

वडाचं_पान
मंडळी, गेल्या आठवड्यात टाउनशिपकडून (इथली ग्रामपंचायत म्हणा) एक पाकीट आलं. टॅक्सचं असेल म्हणून दोन दिवस फ्रिजवर पडून होतं. काल उघडलं तर नोटीस निघाली. आमच्या गल्लीतल्या एका घराने 'स्पेशल लँड युज'साठी अर्ज केलाय आणि आमचं घर त्यांच्यापासून ३०० फुटांच्या आत येतं, म्हणून आम्हाला कळवलंय. पुढच्या महिन्यात प्लॅनिंग कमिशनपुढे पब्लिक हिअरिंग आहे.

ते लोक आत्ताही घरात पाच-सहा मुलं सांभाळतात. त्याचा आम्हाला कधी त्रास झालेला नाही. आता त्यांना बारा मुलांचं करायचंय. आमची गल्ली बंद टोकाची, अकरा घरांची. सकाळी पावणेआठला मी गाडी बाहेर काढतो, नेमक्या तेव्हाच पोरांना सोडणाऱ्या गाड्या येणार. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग लागले की एक गाडी कशीबशी जाते. शिवाय घराच्या किमतीचं काय, हाही प्रश्न आहेच.

बारा वर्षांत मी टाउनशिप हॉलची पायरी फक्त मत द्यायला चढलोय. तिथे जाऊन विरोध केला तर उपयोग होतो का? सह्या गोळा करू का? आणि नंतर त्यांच्याशी बोलणं-चालणं राहतं का, हा बायकोचा प्रश्न.

खवचट_काका
दोनच दिवस फ्रिजवर? फारच तत्पर कुटुंब. आमच्याकडे असलं पाकीट सापडलं तेव्हा पलीकडच्या प्लॉटवर पिझ्झावाल्याची पाटी लागली होती.

निळी_छत्री
वाचतेय. इथे रुमाल टाकून ठेवते.

बोर्डावरचा_बोका
मी मिशिगनमध्येच, दुसऱ्या एका टाउनशिपच्या प्लॅनिंग कमिशनवर चार-साडेचार वर्षं आहे. मीटिंगमागे जे मिळतं त्यात घरच्यांना एकदा डोसा खायला नेता येतं, एवढीच कमाई. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या भागात जमीन कशाला वापरायची याच्या, नियमावलीत प्रत्येक विभागासाठी याद्या असतात. काही वापर सरळ चालतात, त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. काही चालतच नाहीत. आणि काही मधले असतात: चालतील, पण आधी येऊन दाखवा की या जागेवर, या रस्त्यावर कसे बसवणार. चर्च, मंदिर, शाळा, घोड्यांचा तबेला, खडी-वाळूची खाण, मोठं डेकेअर. यांना स्पेशल लँड युज म्हणतात. लोक इथे पहिली चूक करतात. त्यांना वाटतं की 'हे इथे हवं की नको' यावर बोर्ड मत देणार आहे. ते मत नियमावली लिहिली गेली त्याच दिवशी दिलेलं असतं. यादीत नाव आहे याचा अर्थच, तत्त्वतः हवं.

मिशिगनचा झोनिंग एनेबलिंग ॲक्ट २००६ चा आहे. शहरं, टाउनशिप आणि काउंटी यांचे तीन वेगवेगळे जुने कायदे होते, ते एकत्र करून केला. त्यात स्वच्छ लिहिलंय की अर्ज नियमावलीतले निकष पूर्ण करत असेल तर तो मंजूर करायचा. 'करता येईल' नाही, 'करायचा'. निर्णयाची कारणंही लेखी नोंदवावी लागतात. 'पन्नास शेजाऱ्यांना नको होतं' हे कारण लिहून नकार दिला तर सर्किट कोर्टात आमचा वकील काय बोलणार?

तुमच्या प्रकरणात तर आणखी मजा आहे. सहा मुलांपर्यंतचं फॅमिली चाइल्ड केअर होम हे या कायद्याने राहण्याचाच वापर मानलंय. त्याला झोनिंगची वेगळी परवानगी लागतच नाही, म्हणून आजवर तुम्हाला पत्र आलं नाही. सात ते बाराचं झालं की ते ग्रुप होम (२०२२ नंतर काही अटींवर दोन्हीकडे थोडी जास्त मुलं घेता येतात). त्याच्या अटी राज्यानेच ठरवून दिल्यात: तशाच दुसऱ्या परवानाधारक घरापासून १५०० फूट अंतर, मुलांच्या सुरक्षेसाठी कुंपण, घराचं रूप आजूबाजूच्या वस्तीला साजेसं, दिवसात १६ तासांपेक्षा जास्त काम नाही, पाटीचे नियम आणि कामाला येणाऱ्या बायकांच्या गाड्या रस्त्याबाहेर लावायची सोय. हे सगळं जुळलं तर टाउनशिपने परवानगी 'द्यावीच'. तुमचं गाव सिटी किंवा व्हिलेज असेल तर 'देता येईल'. एका क्रियापदाचा फरक आहे, पण सगळं त्यावर अवलंबून. म्हणून आधी पत्राच्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघा.

सह्या गोळा करू नका. दुपारभर फिराल आणि आम्ही त्या 'प्राप्त' म्हणून फायलीला लावू.

चहा_कमी_साखर
मग हिअरिंग कशाला ठेवता? सगळं ठरलेलंच असेल तर लोकांना संध्याकाळी सातला बोलावून तीन-तीन मिनिटं बोलायला लावायचं, हे नाटकच झालं की. बोकोबा, राग मानू नका, पण हेच ऐकून माणसं टाउनशिप हॉलला जायचं सोडतात.

बोर्डावरचा_बोका
राग नाही. रास्त प्रश्न आहे, मीही पहिल्या वर्षी हाच विचारला होता.

हिअरिंगमध्ये आम्हाला ठाऊक नसलेलं काही कळावं ही अपेक्षा असते. आमच्याकडे एका प्रार्थनास्थळाच्या पार्किंगचा अर्ज आला होता. तीसेक लोक आले. बहुतेकांनी 'आमच्या शांत वस्तीचं काय होणार' हेच आळवलं. एक आजीबाई मात्र फोटो घेऊन आल्या होत्या. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर त्यांच्या परसात पाणी कसं साचतं, कुठून येतं, किती दिवस राहतं, सगळे तारखांसकट फोटो. इंजिनिअरच्या नकाशात ते पाणी नव्हतंच. त्या एका बाईमुळे पाण्याचा उतार बदलला, दिव्यांना खाली तोंड असलेली टोपणं लागली आणि झाडांची एक रांग वाढली. अर्ज मंजूरच झाला, पण त्यांना हवा तसा. तीस जणांत एकट्या त्या काहीतरी मिळवून गेल्या.

आम्हाला वाजवी अटी घालता येतात. शेजाऱ्याची खरी ताकद त्या अटींत आहे. वडाचं_पान, बर्फाचा मुद्दा चांगला आहे. किमतीचा सोडा. पुराव्याशिवाय तो कुणी ऐकत नाही आणि पुरावा कुणाकडे नसतो.

एडिसनकर
न्यू जर्सीत नावं वेगळी आहेत. १९७५ च्या म्युनिसिपल लँड युज लॉमध्ये याला 'कंडिशनल युज' म्हणतात आणि तो प्लॅनिंग बोर्डाकडे जातो. पण ठरलेल्या अटींपैकी एक जरी तुमच्याकडून पुरी होत नसेल, तर फाइल झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडे. तिथे सातांपैकी पाच मतं हवीत. चार विरुद्ध तीन जिंकलात तरी हरलात. आणि नोटीस २०० फुटांची, मिशिगनवाले शंभर फूट जास्त उदार.

ओळखीतल्या एका संस्थेने मोठ्या हौसेने जुनी इमारत घेतली. आधी खरेदी, मग वकील. पार्किंग सहा गाड्यांनी कमी पडत होतं. त्या सहा गाड्यांपायी दीड वर्ष गेलं. कुणी कार्यालय, मंदिर, शाळा काढत असाल तर 'परवानगी मिळाली तरच खरेदी' हे कलम करारात घाला. हे सांगायला मी पैसे घेत नाही, वकील घेतो.

पेठेतला
आमच्याकडे हे सगळं फार सोपं आहे. आधी बांधायचं, मग दंड भरून नियमित करून घ्यायचं.

खवचट_काका
पेठेतले, तुमच्याकडे ३०० फुटांत नोटीस पाठवायची म्हटली तर निम्म्या पेठेला टपाल करावं लागेल.

पेठेतला
आणि तरी 'मला वैयक्तिक कळवलं नाही' म्हणून एक जण उपोषणाला बसेल.

जोक बाजूला. आपल्याकडे असा एका प्लॉटपुरता, शेजाऱ्याला टपाल पाठवून होणारा प्रकार मुळात नाही. १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) विकास आराखड्यात बदल करायचा तर कलम ३७ खाली सूचना-हरकती मागवतात, पण त्या राजपत्रात आणि पेपरात. राजपत्र चाळत कोण बसतं? शेजारी मंगल कार्यालय होतंय हे आपल्याला पहिल्या वरातीच्या डीजेवरून कळतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे सोडून जवळजवळ राज्यभर एकच नियमावली, यूडीसीपीआर, लागू झाली. त्यातही कोणत्या रुंदीच्या रस्त्यावर काय चालेल हे आधीच लिहिलंय. म्हणजे चर्चा रस्त्याच्या रुंदीशी, माणसांशी नाही.

म्हापशेकर
गोव्याची गोष्ट वेगळीच. आमच्याकडे शेजारच्या घरात काय चालतं यावर कुणी भांडत नाही, भांडण शेतजमिनीचा रंग बदलण्यावर आहे. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये रद्द करायला लावला. मग २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात कलम १७(२) आणलं: आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करतो म्हणून एकेका प्लॉटचा झोन बदलायचा. त्याचे नियम हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. तोवर २०२४ मध्ये झोन बदलायचंच दुसरं कलम, ३९अ, आलेलंच होतं. तिथे हरकतींना ३० दिवस मिळतात.

सांगायचं एवढंच की तुम्ही लोक बारा पोरांच्या डेकेअरवर हिअरिंग करता. आमच्याकडे डोंगर एका अधिसूचनेत हिरव्याचा पिवळा होतो. मला तर तुमचं ते तीन मिनिटांचं नाटकही चालेल.

बोर्डावरचा_बोका
म्हापशेकर, +१. पण गल्लत नको. झोन बदलणं म्हणजे रीझोनिंग, ते इथेही वेगळं आहे. तो कायदा बदलण्याचा निर्णय, तिथे निवडून आलेल्या बोर्डाला बरीच मोकळीक असते आणि लोकांच्या मताला वजनही. स्पेशल युज म्हणजे आहे तोच कायदा एका जागेला लावणं. तुमचं १७(२) हे पहिलं काम दुसऱ्याच्या कपड्यात करत होतं, असं मला वाटतं.

रेवती_एम
इतका वेळ गप्प वाचत होते. मी ती 'डेकेअरवाली शेजारीण' आहे. म्हणजे धागाकर्त्याची नाही, दुसऱ्या गावातली. सात वर्षांपूर्वी मीही सहावरून बारावर जायला अर्ज केला होता.

हिअरिंगच्या रात्री समोर अकरा माणसं बसली होती. त्यातल्या नऊ जणांना मी दर दिवाळीला चकल्या दिल्या होत्या. एकाने उठून सांगितलं की मुलांच्या आवाजाने त्याच्या कुत्र्याला त्रास होतो. एक बाई म्हणाल्या, 'तिच्याकडे खूप वेगवेगळे लोक येतात.' त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, सगळ्यांना कळला होता. मी घरून लिहून आणलेला कागद हातातच राहिला. परवानगी मिळाली. चकल्या बंद केल्या.

वडाचं_पान, तुम्ही वाईट आहात असं म्हणत नाही. बर्फ, गाड्या, खरं आहे. पण हे तुम्ही आधी त्यांच्या दारावर जाऊन सांगितलंत का? सहा पालकांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बोलावणं मला सहज जमलं असतं. मला कुणी विचारलंच नाही, थेट माइकसमोर गेले.

निळी_छत्री
रेवती, चकल्या बंद केल्यास ते उत्तम.

चहा_कमी_साखर
रेवतीताईंबद्दल सहानुभूती आहे, पण धागाकर्त्याला एक हत्यार कुणीच सांगितलं नाही. तुमच्याकडे एचओए, म्हणजे घरमालकांची असोसिएशन, आहे का? घराच्या कागदपत्रांत 'घरातून व्यवसाय नाही' असं कलम असेल तर टाउनशिपने परवानगी दिली तरी असोसिएशन कोर्टात जाऊ शकते. २००२ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने अगदी फॅमिली डेकेअरच्या बाबतीत असं कलम वैध ठरवलंय.

बोर्डावरचा_बोका
निकाल खरा आहे. झोनिंग आणि डीडमधली (घराच्या कागदपत्रांतली) कलमं या दोन वेगळ्या गाड्या आहेत, टाउनशिप दुसरी गाडी चालवत नाही. फक्त एक. सध्याची सहा मुलंही त्या कलमाखाली येतील. 'सहा चालतात, बारा नकोत' म्हणायला गेलात आणि सहाही बंद झाली, तर गल्लीत पुढची वीस वर्षं राहायचंय, एवढं लक्षात ठेवा.

चहा_कमी_साखर
मी फक्त पर्याय सांगितला. वापरायचा की नाही ते ते बघतील.

खवचट_काका
पर्याय छान आहे. सुतळी बॉम्बसुद्धा माशी मारायचा पर्यायच आहे.

धागाकर्ते, माइकसमोर उभं राहण्याआधी घरी एक चक्कर मारा. डेक, कुंपण, शेड. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे या देशात जमत नाही. इथे सगळं उपग्रहातून दिसतं.

एडिसनकर
काकांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

थोडं अवांतर. पार्किंगचं वर लिहिलं होतं, त्यावरून आठवलं. बर्नार्ड्स टाउनशिपचं प्रकरण इथे बरंच गाजलं. मशिदीचा अर्ज २०१२ चा, ३९ सुनावण्या झाल्या, डिसेंबर २०१५ मध्ये नकार. वादाचा मुख्य मुद्दा पार्किंगच्या जागा. फेडरल कोर्टाने म्हटलं की चर्चला जो हिशोब लावता त्याच्यापेक्षा कडक हिशोब इथे लावलात. धार्मिक जागांच्या बाबतीत २००० सालापासून वेगळा केंद्रीय कायदाच आहे, त्यात हे बसत नाही. २०१७ मध्ये टाउनशिपने साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपली देवळं उभी राहतात तेव्हाही याच कायद्याचा आधार मिळतो, हे आपल्यातले काही लोक सोयीने विसरतात.

पेठेतला
३९ सुनावण्या! आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या बरोबरीला आलात.

निळी_छत्री
मग ढोल-ताशाच्या सरावाला कुठलं युज लागतं? आमच्या पथकाला दर उन्हाळ्यात नवीन पार्किंग लॉट शोधावा लागतो. खरंच विचारतेय.

बोर्डावरचा_बोका
तो बहुतेक झोनिंगचा नसून आवाजाच्या नियमाचा प्रश्न आहे. आणि सरावाचा दर्जा कसा आहे त्यावर.

वडाचं_पान
उशीर झाला, माफ करा. काल हिअरिंग झाली. वृत्तांत देतो.

रेवतीताईंचं वाचून आधी त्यांच्याकडे गेलो. बायकोने सोबत बेसनाचे लाडू दिले, म्हणजे मी भांडायला आलो नाही हे दिसावं म्हणून. त्या बाई दार उघडून दोन सेकंद माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अर्धा तास बोललो. पालकांच्या वेळा वेगवेगळ्या करायला त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, गाड्यांची गर्दी त्यांनाही नको असते, पोरं सांभाळायची की वाहतूक. एचओएचं कलम मी काढून वाचलं, पुन्हा फाइलीत ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. इथे लिहितोय तेवढंच.

तरी हिअरिंगला गेलो, कारण बर्फाचा मुद्दा कागदावर यावा असं वाटत होतं. आजीबाईंच्या धर्तीवर आमच्या ड्राइव्हवेमधून काढलेले गेल्या फेब्रुवारीचे फोटो छापून नेले. आमच्या आधी एकाचा कोंबड्या पाळायचा अर्ज होता, त्यावर पाऊण तास गेला (कोंबडा ठेवायचा की नाही यावर वीस मिनिटं). आमचा विषय पंचवीस मिनिटांत आटोपला. टाउनशिपच्या प्लॅनरने अहवाल वाचला. आम्ही टाउनशिपच, म्हणजे 'द्यावीच'. १५०० फुटांत दुसरं ग्रुप होम नाही, कुंपणाची एक बाजू अपुरी. मी बोललो, फोटो दिले. त्या बाईंनी उभं राहून वेळांचं पत्रक स्वतःहून दिलं. कुंपण पूर्ण करायचं, कामाच्या बायकांच्या गाड्या ड्राइव्हवेमध्येच आणि ते पत्रक नोंदीत. ६-० मंजूर.

इथपर्यंत छान. मीटिंग संपल्यावर प्लॅनर माझे फोटो हातात घेऊन आली. 'बर्फाचे फोटो फार उपयोगी पडले,' म्हणाली. मग एका फोटोवर बोट ठेवून, 'ही मागे दिसते ती शेड तुमची का?'

२०२० मध्ये, घरात बसून वेड लागायची वेळ आली होती तेव्हा, मी ती शेड आणून ठेवली. परवाना वगैरे डोक्यातही आलं नाही. हद्दीपासून दहा फूट हवी, आमची चार फुटांवर आहे. आता म्हणतात, हलवा, नाहीतर झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सकडे व्हेरिअन्सचा, म्हणजे नियमातून सूट मागायचा, अर्ज करा.

खवचट_काका
मी काही बोलत नाही. वर लिहिलेलं आहे.

पेठेतला
फोटो स्वतः छापून नेले. कलर?

वडाचं_पान
कलर. आठ बाय दहा.

बोर्डावरचा_बोका
हसू आवरून लिहितो. अर्ज करण्याआधी विचार करा. व्हेरिअन्स ही स्पेशल युजच्या अगदी उलट गोष्ट आहे. तिथे 'निकष पूर्ण, मंजूर करा' म्हणता येत नाही, कारण निकष मोडलाय म्हणूनच तुम्ही आलेले असता. जमिनीत काही अडचण आहे का, चढ, ओढा, विचित्र आकार, हे दाखवावं लागतं. आणि ती अडचण तुम्ही स्वतः निर्माण केलेली नसावी. 'शेड आधीच ठेवली आहे, हलवायला खर्च येतो' हे कुठलंही बोर्ड ऐकत नाही. फी परत मिळत नाही. सपाट चौकोनी प्लॉट असेल तर दोन मित्र, चार पाइप आणि एक शनिवार यात काम होईल.

एडिसनकर
खाली काँक्रीट ओतलंय का?

वडाचं_पान
ओतलंय. चार इंच. प्लॉटच्या मागच्या बाजूला उतार आहे, दहा फुटांवर नेली तर नेमकी पाणी वाहतं तिथे येते. यात अडचण दाखवता येईल का? उताराचे फोटो आहेत.

निळी_छत्री
फोटो नीट बघून द्या यावेळी. चारही कोपरे.

रेवती_एम
उतार खरा असेल तर अर्ज करून बघा. आणि व्हेरिअन्सची नोटीससुद्धा ३०० फुटांत सगळ्यांना जाते ना, बोकोबा?

बोर्डावरचा_बोका
जाते. मालकांनाही आणि राहणाऱ्यांनाही, हिअरिंगच्या किमान पंधरा दिवस आधी. डेकेअरवाल्या बाईंनाही.

वडाचं_पान
बायको लाडू वळायला बसली आहे.